पोटमाळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केलाय, प्रोसेसर ९५ अंशांवर जातो. हजाराच्या आत काय करता येईल?

खातेवहीवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण सगळं आधीच लिहिलं तर "आधी कॉन्फिगरेशन टाका" हा प्रतिसाद तरी वाचेल.

गिरगावात चाळीत राहते. शेवटचा मजला, वर कौलं, एक खोली, स्वयंपाकघर आणि पोटमाळा. घरबसल्या काही हाउसिंग सोसायट्यांची खाती लिहिते. एका ऑफिसने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले तेव्हा त्यातला एक मी हजार रुपयांत उचलला. इंटेल आय फाइव्ह ३४७०, एच ६१ मदरबोर्ड, आठ जीबी डीडीआर थ्री रॅम. कॅबिनेट काळं, बिनब्रँडचं, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) वरच्या बाजूला. घरातल्या दोन जुन्या साडेतीन इंची हार्ड डिस्क त्यात टाकल्या, डेबियन लिनक्स चढवलं, त्यावर इमिच आणि जेलीफिन ही सॉफ्टवेअर. इमिचमध्ये घरातल्या चार मोबाइलचे फोटो-व्हिडिओ येतात. जेलीफिनवर सासऱ्यांनी कॅसेटवर भरून ठेवलेली भजनं आणि चाळीच्या गणपतीतली नाटकं. सासूबाई ती टीव्हीवर लावून भाजी निवडतात. क्लाउडवाल्यांना दरमहा पैसे मोजायचे नाहीत, एवढाच मूळ हेतू.

कॉम्प्युटर पोटमाळ्यावर आहे, कारण दुसरीकडे जागा नाही. आता आकडे, सगळे दुपारी तीनच्या सुमाराचे. काही काम नसताना प्रोसेसर ५८ अंश. रविवारी सगळे मोबाइल वायफायवर येऊन व्हिडिओ चढायला लागले की ९५. हार्ड डिस्क ५१. प्रोसेसरचा पंखा इतका ओरडतो की समोरच्या वहिनींनी "आज डोसे का?" म्हणून विचारलं. त्यांना मिक्सर वाटला.

सध्याचा उपाय नवऱ्याचा. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून समोर टेबलफॅन, चोवीस तास. वरचे आकडे फॅन चालू असतानाचे आहेत, तो बंद केला की आणखी पाच-सहा अंश चढतात. त्याचं म्हणणं, चाललंय ना, मग कशाला खर्च? माझं म्हणणं, वीजबिल कोण भरतं?

कूलर इंटेलचा मूळचाच आहे, गोल, ॲल्युमिनियमचा. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात विचारलं तर म्हणाला टॉवर कूलर (उंच, मोठ्या पंख्याचा) घ्या, अठराशे. कॉम्प्युटर हजाराचा आणि त्याचा पंखा अठराशेचा, ही नोंद मला कुठल्याच खात्यात बसवता येईना. बजेट हजाराच्या आत, त्यातलेही उरले तर बरं. प्रोसेसर आणि कूलरमधली नुसती पेस्ट बदलून भागेल का? की एखादा पंखा लावू? लावला तर कुठे?

रापचिक_गेमर

ताई, उगाच डोकं नका लावू. टॉवर कूलरच घ्या, सेकंडहँड हजारात मिळून जाईल. माझ्याकडे १२ सेंटीमीटर पंख्याचा आहे, गेम खेळताना पण साठच्या वर जात नाही. एकदा पैसे गेले की पुढची कटकट संपली.

चाळ_नंबर_सात

पेस्ट विकत कशाला आणता? पांढरी टूथपेस्ट लावा, जेलवाली नको. हॉस्टेलला आम्ही सगळे तेच करायचो.

वऱ्हाडी_वाळा

आमच्या अकोल्यात मे महिन्यात ४४-४५ असते बावा. मी पीसी सरळ कूलरसमोर ठेवतो, वाळ्याच्या ताट्या लावलेल्या. प्रोसेसर गार, मी पण गार. तुम्हीबी छोटा कूलर घ्या की, आवाज थोडा होते, पण घर सगळं गार होते.

सोल्डरकाका

ताई, काही विकत घ्यायच्या आधी एक थर्मामीटर शोधा. तापाचा नव्हे, खोलीचं तापमान दाखवणारा. भिंतीवरच्या घड्याळात असतो तोही चालेल. दुपारी तीनला तो पोटमाळ्यावर कॅबिनेटजवळ पंधरा मिनिटं ठेवा, टेबलफॅनच्या झोतात मात्र नको. मग खाली जमिनीजवळ पंधरा मिनिटं. दोन आकडे इथे लिहा. बाकी सगळं त्यावर ठरेल.

तोवर कारण सांगतो. कुठलाही पंखेवाला कूलर प्रोसेसरला आजूबाजूच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. तो फक्त प्रोसेसर हवेपेक्षा किती अंश वर राहील एवढंच ठरवतो. समजा माळ्यावर हवा ४० आहे. मग तुमचे रिकामे ५८ म्हणजे हवेच्या वर १८, आणि कामाचे ९५ म्हणजे वर ५५. हीच पेटी ३३ अंशांच्या हवेत ठेवली तर दोन्ही आकडे साधारण सातने खाली येतात. एक पैसा न घालता. कौलांखालचा माळा ही घरातली सगळ्यात गरम जागा, कारण कौल दिवसभर तापतं आणि खोलीतली गरम हवाही वरच जाऊन बसते. गिरगावात एप्रिल-मेला बाहेर ३३-३४ असतं, पण माळ्यावर डोकं घालून बघा.

आता टेबलफॅन. त्याच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, बहुतेक ५०च्या आसपास. ५० वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. तुमचा कॉम्प्युटर दोन डिस्कसकट रिकामा बसलेला असताना स्वतः साधारण तेवढीच वीज खात असेल. म्हणजे सर्व्हरच्या पंख्याला दुसऱ्या सर्व्हरइतकी वीज. कॅबिनेटचा छोटा पंखा १२ व्होल्ट, ०.१५ अँपिअरचा धरला तर पावणेदोन वॅट, महिन्याला दीड युनिटही होत नाही. हे तुमच्या साहेबांना दाखवा. शिवाय उघड्या कॅबिनेटवर टेबलफॅन म्हणजे चाळीतली सगळी धूळ मदरबोर्डवर. तुमच्याकडे समुद्रही जवळ. खारट दमट हवेत ती धूळ भिजते, चिकटते, आणि मग काँटॅक्ट हिरवे पडतात. माझ्याकडे लालबागच्या दुकानात चौपाटीकडून येणारे टीव्ही मी न उघडता ओळखायचो.

पेस्ट बदलाच. तुमचा प्रोसेसर २०१२चा आहे. कधी बदलली नसेल तर ती आता वाळून खडू झाली असेल. पण त्याच्याही आधी कूलरच्या चार पिना बघा. इंटेलच्या या कूलरची अर्धी दुखणी पिनांची असतात. पांढरा चिरलेला पाय आणि त्याच्या मधून उतरणारी काळी काडी अशी ती रचना आहे. बोर्डाच्या मागून पाहिलं तर चारही पायांच्या मधोमध काळी काडी बाहेर आलेली दिसली पाहिजे. एक जरी अर्धवट असेल तर कूलर त्या कोपऱ्यात उचललेला राहतो, मग वर सोन्याची पेस्ट लावा, काही होत नाही. काढताना बाणाच्या दिशेने पाव फेरा. बसवताना बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणा आणि तिरक्या समोरासमोरच्या दोन पिना एकदम दाबा, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा "टक" ऐकू आला पाहिजे. पाय तुटला असेल तर नुसत्या पिनांचा सेट वेगळा मिळतो, त्यासाठी कूलर बदलायची गरज नाही.

काढायच्या आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून गरम करा, जुनी पेस्ट सैल होते. मग बंद, वायर भिंतीतून काढा, पिना सोडा, कूलर उचलण्याऐवजी आधी किंचित डावी-उजवीकडे फिरवा. इंटेलमध्ये प्रोसेसर पत्र्याच्या चौकटीत धरलेला असतो म्हणून बिनधास्त. त्या काळच्या एएमडीत कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून हातात येतो, हे इतर वाचणाऱ्यांसाठी. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना सुती कपडा. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. नवी पेस्ट मधोमध चार-पाच मिलिमीटरचा थेंब, बस. कूलरच्या दाबानेच ती पसरते. लोक श्रीखंड लावल्यासारखी थापतात, तसं करू नका.

गेमर भाऊंना एवढंच, टॉवर कूलर वाईट नाही. पण तो उष्णता प्रोसेसरवरून उचलून कॅबिनेटमध्ये सोडतो. कॅबिनेटमधून ती बाहेर गेलीच नाही तर अर्ध्या तासाने तोच पंखा तीच गरम हवा पुन्हा फिरवत बसतो. ताईंच्या पेटीत मागचा पंखा आहे असं त्यांनी लिहिलेलं नाही, म्हणजे नसावा. शिवाय हायपर २१२सारखा टॉवर कूलर जवळजवळ १६ सेंटीमीटर उंच. जुन्या अरुंद कॅबिनेटचा पत्रा त्यावर बंद होत नाही.

वऱ्हाडी दादांचा उपाय अकोल्यात शंभर टक्के बरोबर. तिथली हवा कोरडी, पाणी भराभर उडतं, म्हणून ती गार होते. मुंबईच्या हवेत आधीच इतकं पाणी आहे की कूलरचं पाणी उडायलाच मागत नाही. दोन अंशांचा फायदा आणि कॅबिनेटमध्ये ओल, असा सौदा आहे.

टूथपेस्टमध्ये पाणी असतं. पहिल्या दिवशी तापमान खरंच उतरतं, म्हणून ही गोष्ट हॉस्टेलांत टिकून आहे. पाणी उडालं की खाली चुनखडीचा थर. सर्व्हर चोवीस तास चालतो, त्यात ते आठवडाभरही निभत नाही.

खातेवहीवाली

काका, थर्मामीटर दिवाणखान्यातल्या घड्याळाचा काढला. (दिवाणखाना म्हणजे तीच एक खोली.) माळ्यावर ४१, खाली जमिनीजवळ ३३. आठ अंश नुसते वरखाली! टेबलफॅनवर ५५ वॅट लिहिलंय. तुमचा विजेचा हिशेब कागदावर लिहून मी फ्रिजवर चिकटवला आहे, ज्यांनी वाचायचा त्यांनी वाचला.

मागे पंख्याची जागा आहे, जाळी आहे, पंखा नाही. आणि तुम्ही म्हणालात तसं पिना बघितल्या. एक नुसती हलतेय, पाय चिरून तुटलाय. ऑफिसातूनच तसा आला असणार, कारण इथे आल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही.

खाली आणायचा म्हटलं तर जागा एकच, माळ्याच्या शिडीखाली. तिथे सध्या तांदळाचा डबा आहे, तो हलवेन. पण तीन शंका. एक, तिथे रात्री आम्ही झोपतो, आवाज? दोन, झुरळं. चाळीत कितीही औषध मारा, गरम जागा दिसली की ती येतातच. तीन, मागचा पंखा कुठल्या मापाचा आणायचा आणि हवा आत ढकलायची की बाहेर?

सोल्डरकाका

माप सोपं आहे. मागच्या जाळीभोवती स्क्रूची चार भोकं असतील. शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा. ७ सेंटीमीटरच्या थोडं वर आलं तर ८ सेंटीमीटरचा पंखा, सव्वाआठ आलं तर ९चा, साडेदहा आलं तर १२चा. पंखा बाहेर फेकणाराच लावा. पंख्याच्या ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या दांड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, ती बाजू मागे.

आवाजासाठी पंखा १२ व्होल्टवर पळवू नका. मदरबोर्डवर त्याला जागा असेल तर बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमधून) वेग कमी करता येतो. नसेल तर एसएमपीएसच्या जुन्या चार तारांच्या कनेक्टरमधून घ्या. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, काळ्या दोन शून्य. पिवळी-काळीऐवजी लाल-काळीवर लावला की ५ व्होल्टवर फिरतो, जवळजवळ निःशब्द. काही पंखे ५ व्होल्टवर सुरूच होत नाहीत, तेव्हा दुकानात लावून बघून घ्या.

झुरळांसाठी मच्छरदाणीची जाळी, फक्त हवा आत येते त्या बाजूला. बारीक कापड नको, हवा अडते. जाळी महिन्यातून एकदा झाडूने झाडायची. एसएमपीएसच्या मागच्या भोकांवर काही चिकटवू नका. झुरळ तिथे जाऊन मेलं तर मेलं.

आणि पत्रा बंद करा. उघडं कॅबिनेट गार राहतं असं सगळ्यांना वाटतं. पण मागचा पंखा चालू असताना पत्रा उघडा असेल तर हवा जवळच्या वाटेने आत येते आणि लगेच बाहेर जाते, हार्ड डिस्कांवरून जातच नाही. सगळं बसवून झालं की पुढच्या जाळीसमोर उदबत्ती धरा. धूर आत ओढला जाऊन मागून निघाला तर काम झालं. नाहीतर कुठून गळतोय ते दिसेल. पुढच्या प्लॅस्टिकच्या तोंडवळ्यामागे भोकंच नसतील, तर रिकाम्या सीडी ड्राइव्हच्या जागेचं झाकण काढून टाका.

बाजूच्या पत्र्यावर प्रोसेसरसमोर प्लॅस्टिकचं नळकांडं आहे का? पेंटियम फोरच्या जमान्यातल्या कॅबिनेटना असायचं. असेल तर ठेवा, बाहेरची ताजी हवा थेट कूलरवर येते. नसेल पण भोकं असतील, तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मची गुंडाळी करून तसंच नळकांडं करता येतं. घरोघरी एक्स-रे पडलेले असतात.

टर्मिनलातली_टाचणी

काकांनी हार्डवेअरचं काही शिल्लकच ठेवलं नाही. पण मला वाटतं, उष्णता बाहेर कशी काढायची यावरच सगळे बोलतायत. ती तयार का होतेय हे कोणीच विचारलं नाही.

ताई, नुसत्या फाइल कॉपी होऊन आय फाइव्ह ९५वर जात नाही. त्या वेळी तो व्हिडिओ रूपांतर करत असणार. तुमच्याकडे आयफोन किंवा नवे अँड्रॉइड आहेत का? ते व्हिडिओ एचईव्हीसी म्हणजे एच २६५मध्ये साठवतात. तुमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. त्यातल्या क्विक सिंकला, म्हणजे व्हिडिओसाठीच्या खास भागाला, एच २६४ हार्डवेअरमध्ये जमतं, एचईव्हीसी जमत नाही. ती सोय इंटेलने २०१५च्या सहाव्या पिढीत आणली. त्यामुळे इमिच प्रत्येक व्हिडिओ चारही कोअर जाळून सॉफ्टवेअरने उलगडतो. त्याच्याच जोडीला चेहरे ओळखण्याचं कामही त्याच वेळी सुरू असतं.

करायचं काय ते सांगते. इमिचच्या प्रशासक सेटिंग्जमध्ये व्हिडिओ ट्रान्सकोडिंगचा, म्हणजे रूपांतराचा, भाग आहे. तिथे थ्रेडची संख्या २ करा, म्हणजे दोनच कोअर राबतील. नाहीतर ट्रान्सकोडिंग पूर्ण बंद करा, घरातली सगळी उपकरणं मूळ फाइल चालवत असतील तर त्याची गरजच नाही. त्याच सेटिंग्जमध्ये एकाच वेळी किती कामं चालवायची ते ठरवता येतं, चेहरे आणि शोध या दोन्हींना १ द्या. काम रविवारी संध्याकाळी न संपता रात्री दोनला संपेल, पण फोटोंना कुठे लोकल पकडायची आहे? नव्या व्हिडिओंसाठी आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये "मोस्ट कंपॅटिबल" निवडा, मग एच २६४मध्ये येतील. फाइल मोठ्या होतील, डिस्क लवकर भरेल, हा त्याचा खर्च.

दुसरं, टर्बो (कामाच्या वेळी आपोआप वाढणारा वेग) बंद करा. ३४७०चा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ, टर्बोत ३.६पर्यंत. शेवटच्या त्या थोड्याशा वेगासाठी व्होल्टेज चढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग एक दशांश कमी झाला तरी उष्णता त्याहून बरीच जास्त कमी होते. बायोसमध्ये टर्बो बूस्टचा पर्याय असतो. तो दिसला नाही तर लिनक्समध्ये इंटेल पीस्टेटच्या फोल्डरात "नो टर्बो" नावाची फाइल आहे, तीत १ लिहायचं. रीस्टार्ट केल्यावर ते पुसलं जातं, तेव्हा सुरू होतानाच लिहिलं जाईल अशी सोय करा. मला बायोसचा मार्ग जास्त आवडतो. वीज वाचवणारं पॉवरटॉपही चालवून बघा, त्याचा फायदा मुख्यतः रिकाम्या वेळी होतो.

आणि सगळे प्रोसेसरकडेच बघताय म्हणून आठवण करते: या पिढीचे प्रोसेसर शंभरी गाठली की स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतात. हार्ड डिस्कला ती अक्कल नाही. गूगलच्या तिघांनी २००७ साली लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता. तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजतात तितका घट्ट नाही असं त्यात निघालं, अपवाद फारच तापणाऱ्या आणि तीनेक वर्षं जुन्या डिस्कांचा. तुमच्या डिस्क जुन्या आहेत आणि ५१वर आहेत, म्हणजे नेमक्या त्या अपवादात. सासऱ्यांची भजनं डिस्कवर आहेत, प्रोसेसरवर नाहीत. दुसरी प्रत आहे ना?

रापचिक_गेमर

बरं, काका म्हणतात ते पटलं, हवा आधी. पण मी अजून म्हणतो, मूळ कूलरचा पंखा पूर्ण वेगात गेला की आवाज करणारच. त्याच भावात तांब्याचा गाभा असलेला जुना इंटेल कूलर मिळतो, तो घ्या निदान.

सोल्डरकाका

हे मात्र बरोबर बोललात. खालून पाहिलं तर मधोमध तांब्याची लाल चकती दिसते तो. ११५६, ११५५, ११५०, ११५१ या सगळ्या सॉकेटांच्या (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचांच्या) भोकांचं अंतर सारखंच, साडेसात सेंटीमीटर, तेव्हा यातल्या कुठल्याही बोर्डाचा कूलर बसतो. ७७५चा दिसायला तसाच पण बसत नाही, त्याची भोकं जवळ असतात. दुकानदार "होईल, दाबून बसवा" म्हणेल. दाबू नका. पण ताई, आधी पिना आणि पेस्ट करून आकडा बघा. गरज पडली तरच.

खातेवहीवाली

जमाखर्च मांडते. दरवेळी एकच गोष्ट बदलली आणि तोच एक लांब व्हिडिओ इमिचला दिला, सगळं दुपारीच, म्हणजे आकड्यांची तुलना करता येईल.

माळ्यावरून शिडीखाली आणला, टेबलफॅनसकट: कामाचे ९५ होते ते ८७ झाले. खर्च शून्य, तांदळाचा डबा माळ्यावर गेला. पिनांचा सेट आणि पेस्ट: ८७चे ७६. पिना ५०, पेस्ट २४०. जुनी पेस्ट खरंच खडू होती, नखाने उडत होती. मग मागे ८ सेंटीमीटरचा पंखा २६०, बाहेर फेकणारा, पत्रा बंद, टेबलफॅनला रजा. मला वाटलं होतं टेबलफॅन गेला की आकडा चढेल. उलट ७१ झाला, आणि डिस्क ४२वर आल्या. उदबत्तीने आधी धूर एसएमपीएसच्या खालच्या फटीतून येताना दिसला. पुढच्या बाजूला भोकं नव्हतीच. सीडी ड्राइव्हचं झाकण काढलं तेव्हा सरळ झाला. सासूबाईंनी "आता याचीही पूजा का?" असं विचारून घेतलं.

शेवटी टाचणीताईंचं, टर्बो बंद आणि इमिचला दोन थ्रेड: ७१चे ६३. खर्च शून्य. रिकामा असताना आता ४४.

एकूण ५५० रुपये, ३२ अंश. त्यातले १६ अंश फुकटचे, म्हणजे बरोबर अर्धे. पैसे घालून उतरलेले अंश साधारण ३४ रुपयांना एक पडले. अठराशेचा टॉवर घेऊन तो माळ्यावरच ठेवला असता तर काय भाव पडला असता ते मी मांडून ठेवलंय, पण गेमर भाऊंसाठी इथे लिहीत नाही. वीज वेगळी: टेबलफॅन ५५ वॅटचा होता, म्हणजे महिन्याला जवळजवळ ४० युनिट वाचली.

तांब्याच्या कूलरची गरज वाटत नाही. रात्री फक्त डिस्कची खरखर येते, ती मला झोपेत ऐकू येत नाही, नवऱ्याला येते. दुसऱ्या प्रतीचं टाचणीताईंनी बरोबर विचारलं. भजनांची प्रत आता नणंदेच्या घरी बोरिवलीला एका डिस्कवर ठेवतेय, फोटोंची जागा पुरेल का ते बघायचंय.

एक शेवटचं. पावसाळा आला की आमच्या जिन्यापर्यंत ओल येते, भिंती घाम गाळतात. दुपारी काही काम नसताना सर्व्हर बंद ठेवू का? तेवढीच वीजही वाचेल.

सोल्डरकाका

पावसात बंद ठेवू नका. चालू पेटीतली हवा बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंश गरम असते, म्हणून आतला दमटपणा कमी राहतो. बंद करून दोन दिवस ठेवला की ओल धुळीत शिरते आणि सुरू करताना घोटाळा होतो. गावाला जाणार असाल तेव्हा बंद करा, मुख्य वायर काढून, आणि आल्यावर लगेच सुरू न करता पत्रा काढून तासभर खोलीतल्या पंख्याखाली ठेवा. तेव्हाच मदरबोर्डवरची कपॅसिटरची नळकांडी बघून घ्या, डोकं फुगलेलं किंवा तपकिरी चिकट काही आलेलं असेल तर फोटो इथे टाका. एसएमपीएसही त्याच वयाचा असणार, त्याच्या पंख्याला हात लावून बघा, अडखळत फिरत असेल तर स्टिकरखाली शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. पण एसएमपीएस उघडायचा असेल तर वायर काढून बराच वेळ जाऊ द्या, आणि घरात कोणी जाणतं नसेल तर उघडूच नका, लालबागला या. कॅबिनेट जमिनीवर टेकलेलं असेल तर खाली दोन विटा घाला.